ठावठिकाणा कोणी विचारावा, कोणी सांगावा?

माणसाने माणसाविषयी विचारलेल्या प्रश्नांत ‘कोठे आहे?’ हा प्रश्न फार जुना असावा. दिवेलागणीला आई अंगणातल्या पोराविषयी तो विचारते, आणि फौजदार फरारी माणसाविषयी तोच विचारतो. शब्द तेच, पण पहिल्या प्रश्नात माया आहे आणि दुसऱ्यात हुकमत. या एका प्रश्नाचा बिनतारी संदेशांच्या इतिहासातून माग काढावा, आणि त्यातही हौशी बिनतारीवाल्यांनी त्याचे जे एक निराळे उत्तर शोधले ते आपल्यापुढे मांडावे, असा आमचा आजचा विचार आहे.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांनी आणि रात्रपाळीच्या मोकळ्या तासांनी केले. तेव्हा या यंत्रविद्येच्या विषयात आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, माणूस कामावर कोठे आहे, केव्हा आला, किती वेळ उभा राहिला, याची नोंद कोणाच्या वहीत व्हावी, यावरच आमचा अर्धा जन्म भांडणात गेला आहे. मस्टरवरचा अंगठा, गिरणीचा भोंगा, फाटकावरचा पास ही सारी त्याच प्रश्नाची रूपे होत.

आता बिनतारीकडे वळू. १९१२ सालच्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ हे जहाज हिमनगावर आदळले, तेव्हा त्याच्या बिनतारी खोलीतून मदतीची हाक गेली. हाकेबरोबर जागाही सांगितली होती : उत्तर अक्षांश ४१ अंश ४६ मिनिटे, पश्चिम रेखांश ५० अंश १४ मिनिटे. ही जागा एका अधिकाऱ्याने वेग, दिशा आणि वेळ यांच्या हिशेबाने कागदावर काढलेली होती. १९८५ साली समुद्राच्या तळाशी जहाजाचे अवशेष सापडले, तेव्हा ते त्या जागेपासून सुमारे १३ सागरी मैल दूर निघाले. ‘कार्पेथिया’ जहाजाने होड्यांतले सातशेहून थोडे अधिक जीव वाचवले, ही त्या रात्रीतली समाधानाची गोष्ट. परंतु एक गोष्ट त्या रात्रीने जगाला शिकवली. नुसती हाक पोचून भागत नाही. हाक मारणारा नेमका कोठे आहे हेही पोचावे लागते.

याच सुमारास दुसरी विद्या वाढत होती. बोलणाऱ्याने आपली जागा सांगितली नाही, तरी ती ऐकणाऱ्याने काढायची. तिची रीत सोपी आहे. दोन चाळींच्या दोन गच्च्यांवर दोन माणसे उभी करा आणि भोंगा वाजला की आवाजाच्या दिशेने बोट दाखवा असे सांगा. ती दोन बोटे पुढे वाढवली तर जेथे मिळतील तेथे गिरणी. बिनतारी लहरींसाठी हेच काम फिरत्या चौकटीच्या आकाशकांनी होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्या किनाऱ्यावर अशी दिशाशोधक केंद्रे उभी केली. १९१६ च्या मे महिन्यात जर्मन आरमार हलू लागल्याचे त्यांना कळले, त्यात या केंद्रांचा हात होता. संदेशाचा अर्थ लागो वा न लागो, संदेश देणारा कोठून बोलतो एवढे कळले तरी युद्धात पुष्कळ झाले.

याचा अनुभव आपल्या मुंबईने घेतला आहे. हिंदुस्थानात हौशी बिनतारीची सुरुवात १९२१ मध्ये कलकत्त्याला अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी केली. १९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने हौशी मंडळींना आपापली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांत जमा करण्याचे हुकूम धाडले. पण विद्या काही जमा करून घेता येत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीच ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ मुंबईतून बोलू लागला. त्या वेळी बावीस वर्षांच्या असलेल्या उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर आणि त्यांचे साथी यांनी ते स्थानक चालवले. डॉ. राममनोहर लोहियांचा त्यांना पाठिंबा होता.

या स्थानकाचे अर्धे जीवित लपण्यात गेले. एका घरातून बोलायचे, यंत्र उचलायचे, दुसऱ्या घरी जायचे. पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या शहरात फिरत होत्या. बोलणे लांबले तर दोन बोटे जुळणार, हे चालवणाऱ्यांना ठाऊक होते. १९४२ च्या नोव्हेंबरच्या १२ तारखेला छापा पडला. लक्षात घेण्यासारखे हे की, जागा शेवटी कळली ती स्थानकाशी संबंध असलेल्या एका तंत्रज्ञाच्या तोंडून. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ साली त्या सुटल्या. ज्या देशात बोलणाऱ्याची जागा सरकारला कळणे म्हणजे तुरुंग, त्या देशात जागा लपवणे हा धर्म ठरतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली म्हणजे पुढची गोष्ट किती उलटी आहे ते उमगेल. पुढे असे लोक निघाले की ज्यांनी आपला ठावठिकाणा स्वतः होऊन, दर काही मिनिटांनी, उघड्या लहरींवर, ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे म्हणून सांगायला सुरुवात केली. त्यांना असे का वाटले?

त्याआधी दोन साधने जमून यावी लागली. पहिले साधन म्हणजे पाकिटांची बिनतारी. एखादा मजकूर सलग न पाठवता त्याची लहान लहान पाकिटे करायची, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव घालायचे आणि एकाच लहरीवर पुष्कळांनी आलटून पालटून ती सोडायची. हवाई बेटांच्या विद्यापीठाने १९७१ मध्ये ‘अलोहा’ नावाचे असे जाळे चालू केले. १९७८ च्या मे महिन्यात कॅनडातील माँट्रियलच्या हौशी मंडळींनी पाकिटे हवेत सोडली. अमेरिकेत ॲरिझोनातील टूसाँ गावी १९८२ साली हौशींची एक संस्था निघाली आणि तिने संगणक व बिनतारी यंत्र यांच्यामध्ये बसणारी पेटी स्वस्तात घरोघर पोचवली. स्वतः डाग देऊन जुळवण्यासाठी सुटे भाग टपालाने मिळत. आमच्या मते हे मोठे काम होय. विद्या हातात घेता येईल अशी झाली की तिला मालक एकटा राहत नाही.

दुसरे साधन आकाशातले. जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेच्या लष्कराने १९७८ साली सोडला. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले; २६९ माणसे मेली. त्यानंतर ही यंत्रणा पुढे नागरी उपयोगासाठीही खुली राहील असे अमेरिकेने जाहीर केले. तरीही नागरिकांना मिळणाऱ्या खुणेत लष्कराने मुद्दाम चूक मिसळलेली होती, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने इकडेतिकडे होई. २००० सालच्या मे महिन्यात ती भेसळ काढून टाकण्यात आली.

या दोन्हींची सांगड घालणारा मनुष्य म्हणजे बॉब ब्रुनिंगा. मेरीलँडमधील ॲनापोलिस येथे अमेरिकेची नौदल अकादमी आहे, तेथे ते काम करीत. हौशी म्हणून त्यांची खूण डब्ल्यूबी४एपीआर. १९८२ मध्ये त्यांनी ॲपल संगणकावर नौदलाच्या जहाजांच्या जागा नकाशावर दाखवणारा एक कार्यक्रम लिहिला. १९८४ मध्ये त्याचा दुसरा अवतार झाला तो घोड्यांसाठी. शंभर मैलांची घोड्यांची शर्यत होती. एवढ्या पसरलेल्या वाटेवर कोणता घोडा कोठे पोचला, कोणाला मदत लागली, हे समजावे म्हणून व्हिक-२० या खेळण्यासारख्या स्वस्त संगणकावर त्यांनी ती यंत्रणा बसवली. १९८८ च्या सुमारास ती आयबीएमच्या संगणकावर आली, आणि नव्वदीच्या आरंभी तिला एपीआरएस हे नाव मिळाले. आजही या यंत्रणेच्या चिन्हांच्या कोष्टकात मोटार, जहाज, फुगा, रुग्णवाहिका, अग्निबंब यांच्या रांगेत एक घोडा उभा आहे.

आता ही यंत्रणा चालते कशी ते थोडक्यात सांगतो. जीपीएसचा ग्राहक आपले अक्षांश रेखांश सांगतो. लहानशी पेटी त्यांचे एक पाकीट करते. ते पाकीट दोन सुरांत वाजवले जाते, एक सूर सेकंदाला १२०० कंपनांचा, दुसरा २२०० चा. कानाला ती फाटक्या कापडासारखी अर्ध्या-एक सेकंदाची खरखर वाटते. उत्तर अमेरिकेत ही खरखर १४४.३९ मेगाहर्ट्‌झवर आणि युरोपात १४४.८० मेगाहर्ट्‌झवर ऐकू येते. म्हणजे साऱ्या प्रदेशाला एकच चव्हाटा. पाकीट पोचल्याची पावती पाठवणारा मागत नाही. चव्हाट्यावर उभे राहून त्याने ‘अमुक मी, येथे आहे’ असे म्हटले, ज्याने ऐकले त्याने ऐकले. डोंगरावर वा उंच इमारतीवर कोणी हौशीने पुनरुच्चारक ठेवलेला असतो. तो ऐकलेले पाकीट पुन्हा म्हणून दाखवतो आणि ते पुढच्या गावी जाते. एकच पाकीट गावोगाव भटकत राहून चव्हाटा तुंबवू नये म्हणून त्याच्यावर किती मुक्काम करायचे तो आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक मुक्कामी तो एकाने उतरतो. शून्य झाला की पाकीट थांबते.

नावापुढे एक आकडाही लावतात. नऊ असला तर बहुधा मोटार, सात असला तर हातातले यंत्र, अकरा असला तर फुगा, अशी रीत पडली आहे. नव्वदीच्या उत्तरार्धात ही पाकिटे इंटरनेटलाही जोडली गेली, तेव्हा एका गावाचा चव्हाटा जगाला ऐकू येऊ लागला. २००१ च्या ३० सप्टेंबरला अलास्कातील कोडियाक बेटावरून एक छोटा उपग्रह वर गेला. तो ॲनापोलिसच्या विद्यार्थ्यांनी ब्रुनिंगांच्या हाताखाली तयार केला होता; त्याच्या आकाशकांसाठी सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे तुकडे वापरले होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही पुढे असा पुनरुच्चारक बसला आणि १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर पाकिटे सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून परत येऊ लागली. ब्रुनिंगा २०२२ च्या फेब्रुवारीत करोनाने गेले.

येथवरची हकीकत यंत्राची झाली. आता त्यामागच्या विचाराकडे वळू, कारण आम्हाला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

एपीआरएसमधल्या ‘पी’ या अक्षराचा अर्थ आरंभी ‘पोझिशन’, म्हणजे जागा, असा होता. पुढे ब्रुनिंगांनी तो ‘पॅकेट’ असा केला. हा बदल नुसता शब्दाचा नव्हता. लोक या यंत्रणेला वाहनांवर पाळत ठेवण्याची यंत्रणा समजू लागले होते आणि त्याचा त्यांना खेद होता. त्यांचे म्हणणे असे की, एका टापूत जे काही चालले आहे ते सर्वांनी सर्वांना सांगावे, हवामान सांगावे, निरोप द्यावा, मदत मागावी, आणि उत्तरही मिळावे. यंत्रणा दुहेरी आहे. जागा हा तिच्यातला एक शब्द आहे, वाक्य नव्हे.

शिवाय या यंत्रणेत एक बारीक सोय आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आपली जागा किती नेमकी सांगायची हे सांगणारा ठरवतो. साध्या पद्धतीत मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे १८ मीटरपर्यंत, जागा सांगता येते. पण शेवटचे आकडे कोरे सोडण्याची मुभा नियमांतच आहे. एक आकडा कोरा सोडला की जागा दोनशेएक मीटरच्या घेरात जाते. दोन सोडले की जवळजवळ दोन किलोमीटर. ‘मी या पेठेत आहे, घर नंबर विचारू नका’ असे म्हणण्याचा हा सभ्य मार्ग आहे, आणि यंत्र बंद करण्याची मुभा तर आहेच.

याच्या जोडीला हौशी बिनतारीचे दोन जुने नियम येतात. सांकेतिक, गुप्त भाषेत बोलायचे नाही, आणि पैशासाठी बोलायचे नाही. म्हणून येथे जो सांगतो तोच इतरांचेही पाहतो. पाहणारा एका बाजूला आणि पाहिला जाणारा दुसऱ्या बाजूला, अशी भिंत नाही.

संकटात याची किंमत कळते. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात हौशी बिनतारीवाल्यांचे एक पथक नेमके पोर्ट ब्लेअरला होते. त्सुनामीने साधे दूरध्वनी पडले, तेव्हा त्यांनी बोलीच्या बिनतारीवर बेटांची खबर मुख्य भूमीला दिली आणि नातलगांची विचारपूस पोचवली. त्याआधी २००१ च्या जानेवारीत भुजच्या भूकंपातही हौशी मंडळी यंत्रे घेऊन गेली होती. दोन्हीकडे काम पाकिटांचे नव्हते, तोंडी बोलण्याचे होते. पण प्रश्न तोच होता : कोण कोठे आहे? आणि तो मायेचा प्रश्न होता.

आता आमच्या घरचा प्रश्न. गेल्या काही वर्षांत नागपूर, चंदीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसचे घड्याळ बांधण्यात आले. मालवाहू गाड्यांत यंत्रे आली, आणि घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या खिशातला फोन दर क्षणी त्यांची जागा कोठेतरी सांगतो. विद्या तीच आहे, उपग्रह तेच आहेत, अक्षांश रेखांशही तेच. मग आमच्या माणसांना त्या घड्याळाचा राग का?

नागरिकांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. गल्ली झाडली गेली नाही तर विचारायचे कोणाला, असे आपल्यापैकी पुष्कळ म्हणतील, आणि ते चूक नाही. मनगटाच्या खुणेने मदतही होऊ शकते. घाटात रात्री बंद पडलेल्या गाडीचा चालक, मॅनहोलजवळ एकटा काम करणारा गडी, उशिरा घरी निघालेली परिचारिका यांचा ठाव कळला तर जीव वाचेल. हौशी माणूस छंदाने बोलतो आणि कामगार मजुरीने बांधलेला असतो, हा भेदही आम्ही विसरत नाही. पगार घेणाऱ्याने कामाच्या वेळेत कामावर असावे, यात वाद नाही.

वाद निराळा आहे. एका ठिकाणी आमच्या ऐकण्यात असे आले की, बाई पिंपळाखाली पाणी प्यायला दहा मिनिटे बसली, घड्याळाने ती ‘थांबली’ असे लिहिले, आणि महिनाअखेरीस तिची मजुरी कापली गेली. ती का बसली हे घड्याळाला सांगण्याची सोय नव्हती. तिचा नकाशा तिला दिसत नव्हता. सुपरवायझर कोठे होता हे दाखवणारा नकाशा तर कोणालाच दिसत नव्हता. ब्रुनिंगांनी ज्या पाळतीचा अर्थ आपल्या यंत्रणेवरून झटकून टाकला, नेमका तोच अर्थ येथे उरला आणि बाकी सगळे गळून पडले.

कायद्याकडे पाहावे तर २०२३ साली केंद्राने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात संमतीचे तत्त्व आहे; पण नोकरीच्या प्रयोजनासाठी माहिती वापरताना मालकाला कामगाराच्या संमतीवाचून वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे हा प्रश्न कायद्याने मालक आणि कामगार यांच्यातल्या करारावर सोडला, असेच आम्ही समजतो. आठ तासांचा दिवसही आधी करारांत आणि संपांत मिळाला, कायद्यात मागाहून आला.

म्हणून करारात काय मागावे, हे आम्ही या हौशी मंडळींकडून शिकायला सांगतो. यंत्राला विरोध करून भागणार नाही. गिरणीत नवे माग आले तेव्हाचा अनुभव आपल्यापाशी आहे. चार गोष्टी मागाव्यात. पहिली, जो नकाशा साहेबाला दिसतो तो कामगारालाही दिसावा, आणि वादाच्या वेळी त्याची प्रत मिळावी. दुसरी, यंत्र दुहेरी असावे. ज्या मनगटावरून जागा जाते त्याच मनगटावरून ‘मदत पाठवा’ आणि ‘मी येथे का थांबलो’ हेही जावे, आणि त्याला उत्तर यावे. तिसरी, जागा कामाला पुरेल एवढीच नेमकी असावी. गल्ली कळली तर पुरे, झाडाखालचा दगड कळण्याचे कारण नाही. चौथी, पाळी संपली की यंत्र बंद व्हावे, आणि ते बंद करण्याची कळ कामगाराच्या हाती असावी.

यांपैकी एकही गोष्ट यंत्राला अशक्य नाही. ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त संगणकांवर आणि टपालाने आलेल्या पेट्यांवर वाढलेल्या या यंत्रणेत यांतल्या बहुतेक गोष्टी हौशी माणसांनी फुकट करून दाखवल्या आहेत. तेव्हा आपल्या नगरपालिकेत अशा घड्याळांचा ठराव कधी आला, तर नागरिक म्हणून आपण सभेत एवढेच विचारावे : या चारांपैकी किती गोष्टी निविदेत लिहिल्या आहेत? उत्तर कागदावर मागावे. कामगार ते विचारीलच. पण आपल्या गल्ल्या झाडणाऱ्या माणसासाठी आपणही विचारले, तर त्या प्रश्नात फौजदाराचा सूर उरणार नाही.